डिस्चार्ज कार्ड कुणाच्या हातात? कोपरखैरण्यातलं एक प्रकरण

आजार एका तरुणाचा, पण त्याची माहिती त्याला सोडून बाकी सगळ्यांना मिळत गेली. ती कशी, हे या प्रकरणात सांगायचं आहे. मी ठाणे आणि नवी मुंबई भागात मनोसामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करते. मनोविकार रुग्णालयातून घरी आलेल्या माणसांचं पुढे काय होतं, ते बघणं आणि लागेल तिथे सोबत उभं राहणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. हा मजकूर त्या तरुणानं वाचला आहे आणि तो प्रसिद्ध करायला लेखी परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो तिशीच्या आतला. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत आई-वडिलांसोबत राहतो. वडील, म्हणजे आबा, वाशीच्या एपीएमसी मार्केटात पोती वाहून निवृत्त झाले. मूळ गाव साताऱ्याकडचं, आणि गावची अर्धी भावकी याच वसाहतीत. यात्रेची वर्गणी इथे गोळा होते, सोयरिकी इथे जुळतात, आणि कुणाच्या घरात काय चाललंय ते संध्याकाळपर्यंत गावात पोचलेलं असतं. डिप्लोमा करून तो टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर झाला. घरात पहिला पगारी, टेबलावर बसणारा माणूस. त्याच्या नोकरीचं घराला काय मोल आहे ते यावरून लक्षात यावं.

आजार बायपोलर, म्हणजे मनःस्थिती कधी अतिउत्साहात तर कधी खोल उदासीत जाते असा. सलग रात्रपाळ्यांच्या एका आठवड्यात त्याची झोप उडाली. मग बोलणं थांबेना, मोबाइलवरच्या ॲपमधून कर्जं काढली, महागडे फोन घेऊन मित्रांना वाटले, आणि एका मध्यरात्री मोटारसायकल काढून जुन्या हायवेनं गावाकडे निघाला. लोणावळ्याच्या पुढे त्याला गाठून परत आणावं लागलं. झोप कमी होणं हे या आजारात लक्षणही असतं आणि ठिणगीही, त्यामुळे रात्रपाळीचा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

घरच्यांनी त्याला ठाण्यातल्या एका खासगी मनोविकार रुग्णालयात दाखल केलं. त्या अवस्थेत स्वतः निर्णय घेण्याची त्याची क्षमता नव्हती, म्हणून ते दाखल करणं मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ८९ खाली झालं. या कलमाखाली माणसाला जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतं, आणि त्यासाठी त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे उपचारांच्या निर्णयात त्याला आधार देणाऱ्या नेमलेल्या माणसाचा, अर्ज लागतो. आधी कुणाला नेमलेलं नसेल तर कायदा एक क्रम लावून देतो आणि त्यात नातेवाईक वरच्या बाजूला येतात. आबांनी सही केली, तेच प्रतिनिधी झाले. इथपर्यंत सगळं नियमानं झालं. उपचारही चांगले झाले, हे मी मुद्दाम नोंदवते. तिसऱ्या आठवड्यात तो शांत, झोप लागलेला, स्वतःच्या गोळ्यांची नावं सांगणारा माणूस होता. घोटाळा सुरू झाला घरी जायच्या दिवशी.

कार्ड गेलं तात्यांकडे

त्या दिवशी आबांच्या सोबत त्यांचे धाकटे भाऊ आले होते. घरात त्यांना तात्या म्हणतात. दवाखाना, पोलीस, कचेरी यांतलं काहीही निघालं की भावकीत तात्यांना पुढे करतात. बिल त्यांनी भरलं, आणि बिलाच्या खिडकीवर डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, गोळ्यांची चिठ्ठी असा सगळा संच त्यांच्या हातात गेला. रुग्ण चार हातांवर बाकावर बसला होता. त्याला कुणी विचारलं नाही. त्यालाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे दवाखान्यात असंच चालतं, कागद घरातल्या कर्त्या माणसाकडे जातात.

रात्री तात्यांनी कार्डाचा फोटो काढून भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘पोराला हे निघालंय. कुणाच्या वळखीचा मोठा डॉक्टर आसंल तर सांगा.’

यात तात्यांचा हेतू वाईट नव्हता आणि या प्रकरणात त्यांना गुन्हेगार ठरवायची मला इच्छा नाही. पोराला बरं वाटावं म्हणूनच त्यांनी विचारलं होतं. पण कार्डावर आजाराचं नाव होतं, दाखल होतानाची अवस्था होती, ‘कुटुंबात पूर्वी असा आजार: वडिलांच्या आत्येला’ अशीही ओळ होती. म्हणजे एका फोटोत दोन माणसांचा इतिहास गेला, आणि त्यातली एक कधीच वारली आहे. उत्तरं लगेच आली. कुणी पुण्याच्या डॉक्टरांचा नंबर दिला, कुणी एका देवऋषाचा. कुणीतरी लिहिलं, ‘म्हणजे ठाण्याला नेलाय व्हय?’ ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे, आणि त्याच्यामुळे ‘ठाण्याला नेला’ या दोन शब्दांत अख्ख्या मुंबई-कोकणात माणसाचा निकाल लागतो. हा तरुण त्या रुग्णालयात गेलाही नव्हता. तरी निकाल लागला.

कायदा इथे काय म्हणतो? कलम २३ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपलं मानसिक आरोग्य, उपचार आणि शारीरिक आरोग्याचीही माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे. ती गुप्त ठेवायचं कर्तव्य मात्र उपचार करणाऱ्यांवर टाकलेलं आहे. तात्यांवर नाही. ग्रुपवर फोटो टाकल्याबद्दल तात्यांना या कलमाखाली धरता येत नाही, आणि पुष्कळ लोक इथेच ‘मग जाऊ दे’ म्हणून थांबतात. माझं म्हणणं असं की प्रश्न एक पायरी मागे जाऊन विचारावा. तात्यांच्या हातात कार्ड आलं कसं? ते प्रतिनिधी नव्हते, आबा होते. आणि आबांनाही कायदा जी माहिती मिळू देतो ती त्यांची कर्तव्यं पार पाडण्यापुरती: उपचार समजून घ्यायला, आधार द्यायला, हक्क जपायला. त्यातही त्या दिवशी रुग्ण स्वतः शुद्धीवर, समज असलेला, समोर बसलेला. प्रौढ माणसाला निर्णयक्षमता आहे असं धरून चालायचं, हा या कायद्याचा पाया आहे. दाखल होताना ती नव्हती म्हणून घरी जाताना ती नाही, असं होत नाही. कार्ड त्याच्या हातात द्यायला हवं होतं, आणि पुढे ते कुणाला दाखवायचं ते त्याला विचारायला हवं होतं. खिडकीवरच्या माणसाला एवढं एक वाक्य शिकवलेलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

दुसरी गळती कुणाच्या लक्षातही आली नव्हती. केसपेपरवर मोबाइल नंबर तात्यांचा होता, कारण दाखल करताना फॉर्म त्यांनी भरला. त्याला लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध सुरू होतं. लिथियम घेणाऱ्या माणसाच्या रक्तातली त्याची पातळी ठरावीक काळानं बघावी लागते, शिवाय मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या तपासण्या. त्यामुळे घरी आल्यावर कितीतरी आठवडे प्रत्येक रिपोर्ट, प्रत्येक भेटीची आठवण तात्यांच्या फोनवर येत राहिली. ‘तुझी थायरॉइडची गोळी वाढवली का रं?’ असं त्यांनी भरल्या पंगतीत विचारलं, तेव्हा याला कळलं की आपल्या रक्ताचा निकाल आपल्याआधी तात्या वाचतात. कलम २४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की गुप्ततेचा हक्क इलेक्ट्रॉनिक किंवा डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही लागू आहे. केसपेपरवरचा नंबर हा त्या साठ्याचा दरवाजा असतो. नातेवाइकांनी दाखल केलेल्या माणसांच्या बाबतीत हा नंबर पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच कुणाचा असतो आणि तो बदलायची आठवण कुणालाच राहत नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आता सगळ्यात आधी विचारते, ‘रिपोर्ट कुणाच्या फोनवर येतो?’

मोडलेली बोलणी

ग्रुपवरचा फोटो पाटणकडच्या एका घरी पोचला. त्या घरच्या मुलीशी याची बोलणी चालली होती. दोघं वाशीला सागर विहारला दोनदा भेटलेही होते. फोटो गेल्यावर मुलीच्या मामांनी आबांना फोन करून सांगितलं की पुढे नको.

या मुद्द्यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण गोपनीयतेचं नाव काढलं की लोक इथेच अडवतात. ‘म्हणजे मुलीकडच्यांपासून लपवायचं का? उद्या ती फसली तर?’ प्रश्न रास्त आहे. मी कुणालाही लग्न ठरताना आजार लपवायचा सल्ला देत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ प्रमाणे महत्त्वाची बाब लपवून संमती मिळवली असेल तर लग्न रद्द ठरवायला न्यायालयात जाता येतं. त्याहून मोठी गोष्ट ही की जी बाई उद्या त्याच्यासोबत राहणार, तिला त्याची झोप उडाली तर काय करायचं ते माहीत असायला हवं. पण ते तिला कुणी सांगायचं? त्यानं. केव्हा? बोलणी पक्की व्हायच्या आत, समोर बसून, तिच्या प्रश्नांना उत्तरं देत. त्यानं तसं ठरवलं होतं. डॉक्टरांना विचारून, नीट समजावता यावं म्हणून काय काय सांगायचं याची टिपणंही काढली होती. ती टिपणं त्यानं मला दाखवली. आजार काय, गोळ्या किती काळ, मूल व्हायच्या बाबतीत काय विचारायचं, पुन्हा त्रास झाला तर ती काय करू शकते, हे सगळं त्यात होतं. मुलीला मात्र हे कळलं मामाच्या फोनवरून, दाखल झालेल्या दिवसाच्या वर्णनासह: ‘असंबद्ध बडबड, आक्रमक वर्तन’. तिच्यापर्यंत तीन आठवड्यांपूर्वीचा माणूस पोचला, आजचा नाही.

लग्न कदाचित तसंही मोडलं असतं. तो स्वतःच हे म्हणतो. ‘नाही म्हणाली असती तरी चाललं असतं ताई. पण मला बघून नाही म्हणाली असती.’ आपल्याबद्दल काय, कुणाला, केव्हा आणि किती सांगायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं, एवढंच या हक्कात मागितलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. तेव्हा चर्चा आधारची झाली, पण माथाडी वसाहतीतल्या एका घरात त्या निकालाचा अर्थ असा निघतो.

कंपनीचा फोन

रजेचा दाखला रुग्णालयानं दिला. रजेच्या दाखल्याच्या रूढ नमुन्यात आजाराचं नाव लिहायला जागा असते, आणि बरेच डॉक्टर ती हाताच्या सवयीनं भरून टाकतात. इथे डॉक्टरांनी ‘वैद्यकीय कारण’ एवढंच लिहिलं होतं, त्यांचं कौतुक. पण लेटरहेडवर रुग्णालयाचं नाव होतं आणि त्या नावात ‘मनोविकार’ होतं. एचआरमधून खातरजमेसाठी फोन गेला. पलीकडे फोन घेणाऱ्या व्यक्तीनं केसपेपर काढून सरळ सांगून टाकलं: बायपोलर आहे, लिथियम चालू आहे, घरचे घेऊन आले तेव्हा फार त्रास होता.

फोन घेणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. पण माहिती आली ती डॉक्टरांच्या कागदांतून, रुग्णालयाच्या ताब्यातून. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतही डॉक्टरनं रुग्णाची गुपितं उघड करू नयेत असं सांगितलंच आहे. त्याला अपवाद मोजके आहेत, जसा न्यायालयाचा आदेश किंवा ठरावीक व्यक्तीला असलेला गंभीर धोका. खातरजमेच्या फोनला योग्य उत्तर एका ओळीचं आहे: ‘दाखला आमचा आहे, त्यापलीकडे काहीही रुग्णाच्या लेखी परवानगीशिवाय सांगता येणार नाही.’

कंपनीच्या बाजूनंही एक मुद्दा मांडला गेला आणि तो मी उडवून लावणार नाही. हा प्रेस मशिनच्या लाइनवर सुपरवायझर. हाताखाली माणसं. ‘मशिनवर काही झालं तर जबाबदार कोण?’ असं एचआरच्या बाईंनी विचारलं. कलम २३ मध्ये दुसऱ्या व्यक्तीला इजा होऊ नये म्हणून माहिती देण्याचा अपवाद खरंच आहे. पण तो अपवाद वापरायलाही दोन अटी आहेत: देणं आवश्यक असलं पाहिजे, आणि ओळखलेल्या धोक्यापुरतीच माहिती दिली पाहिजे. इथे धोका कुणी ओळखला होता? उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तर नाही. त्यांच्या मते तो कामाला योग्य होता, फक्त झोपेचं चक्र बिघडू द्यायचं नव्हतं. मग आम्ही डॉक्टरांकडून दुसरा दाखला घेतला. त्यात एवढंच होतं: कामावर रुजू होण्यास योग्य, पुढचे सहा महिने रात्रपाळी देऊ नये, भट्टीजवळच्या गरम विभागात काम असेल तर वारंवार पाणी पिण्याची मोकळीक असावी, तपासणीसाठी दर तीन महिन्यांनी अर्धा दिवस रजा लागेल. पाण्याचं कारण लिथियम. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातली त्याची पातळी धोक्याकडे सरकू शकते. पण दाखल्यात लिथियमचं नाव नाही आणि तरी कारखान्याला सुरक्षिततेसाठी जे लागतं ते सगळं आहे. मला हा दाखला या प्रकरणातला सर्वांत उपयोगी कागद वाटतो. मालकाला माणसाचं काम कसं जमेल ते कळायला हवं, आजाराचं नाव कळून त्यात भर पडत नाही.

दाखला चांगला, पण उशिरा. तोवर त्याला लाइनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं होतं, ‘तुमच्याच सोयीसाठी’. पगार तोच, ओव्हरटाइम गेला, आणि हाताखालची पोरं साहेब म्हणायची बंद झाली.

मेडिक्लेमबद्दल थोडक्यात. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पायावर संरक्षण द्यायचं आहे, त्यामुळे दाव्यात अडचण आली नाही. पण कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत खर्चाची भरपाई मागताना कागद एचआरमार्फत द्यायची पद्धत असते, आणि त्या कागदांत डिस्चार्ज कार्ड असतंच. यानं ते थेट टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे, पाठवले. विचारलं तर बहुतेक ठिकाणी तसं करू देतात. विचारायचं असतं, हेच लोकांना माहीत नसतं.

स्वतःची फाइल

यानंतर त्याला वाटलं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. त्यासाठी कागद हवेत. डिस्चार्ज कार्डाची मूळ प्रत तात्यांकडून मिळाली, चहाचे डाग पडलेली. बाकीच्यासाठी तो रुग्णालयात गेला. तिथे त्याला सांगण्यात आलं, ‘फाइल पेशंटला देत नाही. नातेवाइकांना घेऊन या.’

ते ऐकून तो हसला, असं तो सांगतो. मला हसू आलं नाही. भावकीनं वाचली, पाटणच्या मामांनी वाचली, एचआरनं ऐकली, आणि ज्याची आहे त्याला ‘मोठ्या माणसाला घेऊन ये’. मानसिक आजार झालेल्या माणसाला आपण कसं कायमचं अल्पवयीन ठरवतो ते या एका वाक्यात दिसतं. हृदयाच्या दवाखान्यात साठीच्या गृहस्थांना कुणी असं म्हणेल का?

कलम २५ सांगतं की मानसिक आजार असलेल्या प्रत्येक व्यक्तीला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क आहे. २०१८ च्या नियमांत त्यासाठी अर्जाचा नमुना ‘अ’ दिला आहे. अर्ज रुग्णालयाच्या प्रभारी डॉक्टरांच्या नावे करायचा, आणि तो मिळाल्यापासून १५ दिवसांत नोंदी द्यायच्या. आम्ही अर्ज मराठीत भरला, पोच घेतली. पोच घेणं महत्त्वाचं, कारण दिवस तिथून मोजले जातात. मुदतीत कागद आले. निदान, तपासण्या, दिलेली औषधं आणि त्यांचे डोस, घरी जातानाची अवस्था. सोबत एक ओळ: ‘नातेवाइकांच्या मुलाखतीची नोंद राखून ठेवली आहे.’

आता इथे मी रुग्णालयाच्या विरोधात नाही. कायदा माहिती राखून ठेवू देतो, पण दोनच कारणांसाठी: ती कळल्यानं रुग्णाला गंभीर मानसिक इजा होईल, किंवा दुसऱ्या कुणाला अपाय होण्याची शक्यता असेल. ती मुलाखत आईची होती. दाखल करण्याच्या आदल्या रात्री तो आबांच्या अंगावर धावून गेला होता, आणि आईनं आबांना आतल्या खोलीत घालून दाराला पाठ लावून पहाट केली होती. त्याला यातलं काही आठवत नाही. आईनं तिथल्या कार्यकर्तीला हे सांगताना बजावलं होतं, ‘त्याला कळू देऊ नका बाई, जीवाला लावून घेईल.’ मॅनिया, म्हणजे अतिउत्साहाचा टप्पा, ओसरल्यावर उदासीचा टप्पा येऊ शकतो आणि त्यात अपराधीपणानं माणूस जिवाचं बरंवाईट करू शकतो. तशा वेळी ही नोंद हातात देऊ नये, हा डॉक्टरांचा निर्णय मला पटतो. नुसतं ‘आईला अवघड होईल’ एवढंच कारण असतं तर ते चाललं नसतं, कारण कायद्यात ते कारण नाही.

न पटलेलं वेगळं होतं. माहिती राखून ठेवली तर ती मिळवण्यासाठी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, म्हणजे या कायद्याखाली रुग्णांच्या हक्कांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे, अर्ज करण्याचा हक्क आहे, हे रुग्णाला सांगणं त्याच कलमात बंधनकारक आहे. ते सांगितलं नव्हतं. त्यामुळे त्याच्या मनात त्या दोन पानांचं भूत झालं. आपण कुणाला मारलं असेल का, पोलीस केस असेल का, असे विचार रात्री येऊ लागले, म्हणजे ज्या इजेसाठी पानं राखली तीच इजा न सांगण्यानं होऊ लागली. मी डॉक्टरांशी बोलले. बोलण्याआधी त्याची लेखी संमती घेतली, हे वेगळं सांगायला नको. डॉक्टरांनी मंडळाच्या हक्काबद्दल पत्र दिलं, आणि त्याची मनःस्थिती बघून काही काळानं पुन्हा विचार करू असं कळवलं. मंडळाकडे जायची वेळ आली नाही. काही महिन्यांनी, तो स्थिर असताना, डॉक्टरांच्या खोलीत आईनंच ते सांगितलं. पानं वाचून दाखवायची गरज पडली नाही. तो बराच वेळ गप्प होता, मग त्यानं विचारलं, ‘आबांना लागलं होतं का?’ लागलं नव्हतं.

कुणाला काय

नामनिर्देशित प्रतिनिधी नेमायला साधा कागद पुरतो. कलम १४ प्रमाणे कुणीही सज्ञान व्यक्ती लिहून, सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकते. नेमलेल्यानं लेखी होकार द्यायचा. पुढे मन बदललं तर प्रतिनिधी बदलताही येतो. वकील लागत नाही.

त्यानं आबांना नेमलं नाही. पनवेलला दिलेल्या थोरल्या बहिणीला, अक्काला नेमलं. कारण विचारलं तर म्हणाला, ‘अक्का तोंडावर भांडते, पण बाहेर बोलत नाही.’ आबांना लागलं. ‘सही म्या केली तवा चाललं, आता बाप नको?’ त्यांचं दुःख खोटं नव्हतं. घरच्यांच्या खांद्यावरच आपल्याकडची मानसिक आरोग्यसेवा उभी आहे. गोळ्या वेळेवर देणारे, रात्री जागणारे तेच. त्यांना ‘गोपनीयता’ म्हणून बाहेर ठेवणं क्रूरपणाचं होईल, आणि आजार उलटला तर ते धोक्याचंही आहे. म्हणून आम्ही चौघं, तो, अक्का, आबा आणि मी, एका रविवारी बसलो आणि कुणाला काय कळवायचं ते त्यानं स्वतः सांगितलं. आई-आबांना: गोळ्यांची नावं, पुढच्या तपासणीची तारीख, आणि धोक्याच्या खुणा. सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप झाली तर थेट डॉक्टरांना फोन करायचा, त्याला विचारत बसायचं नाही. ही परवानगी त्यानं आधीच लिहून दिली. अक्काला: निदान, रिपोर्ट, उपचारातले बदल, पुन्हा दाखल करायची वेळ आली तर निर्णय. समुपदेशनात तो काय बोलतो ते कुणालाच नाही. तात्यांना: विचारतील तेव्हा ‘बरा आहे’.

आबांनी तो कागद दोनदा वाचून घेतला. झोपेची ओळ ऐकल्यावर ते म्हणाले, ‘हे आदी कुणी सांगितलं आस्तं तर त्याला रात्रपाळीला जाऊच दिला नस्ता.’ मला वाटतं ते खरं आहे. इतके दिवस त्यांच्यापर्यंत आजाराचं नाव पोचलं होतं, उपयोगाची माहिती पोचली नव्हती.

तक्रारीचं काय झालं

कलम २८ प्रमाणे तक्रार आधी रुग्णालयाच्या प्रभारींकडे करायची, समाधान झालं नाही तर मंडळाकडे, आणि त्यानंतर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे. कायदा मोडल्याबद्दल कलम १०८ मध्ये पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्याला कुणाला तुरुंगात पाठवायचं नव्हतं. तक्रारीत त्यानं तीन गोष्टी मागितल्या: केसपेपरवरचा नंबर बदलणं, कंपनीला फोनवर माहिती दिल्याची लेखी कबुली, आणि घरी सोडताना कागद रुग्णाच्या हातात देण्याची पद्धत.

नंबर त्याच दिवशी बदलला. पद्धतही बदलली आहे. आता तिथे बिलाच्या खिडकीवर फक्त पावती मिळते, डिस्चार्ज कार्ड वॉर्डात सिस्टर रुग्णाला समजावून देतात आणि ते मिळाल्याची सही त्याची घेतात. केसपेपरवर ‘रुग्णाचा स्वतःचा मोबाइल’ आणि ‘माहिती कुणाला द्यावी’ असे दोन वेगळे रकाने आले. कबुली मात्र मिळालेली नाही. ‘असा फोन आल्याची नोंद आमच्याकडे नाही’ असं उत्तर आलं. एचआरच्या ईमेलमध्ये त्या फोनची तारीख, वेळ आणि बोलणं नोंदलेलं आहे आणि ती ईमेल त्याच्याकडे आहे. कलम २७ प्रमाणे या कायद्याखालच्या हक्कांसाठी मोफत विधी सहाय्य मिळतं, म्हणून तो ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेला. मंडळाकडे करायच्या अर्जाचा मसुदा तिथल्या वकिलांनी तयार केला आहे. त्यात त्याची एकच दुरुस्ती आहे: फोन घेणाऱ्या मुलीचं नाव काढून टाकावं, तक्रार रुग्णालयाविरुद्ध असावी. कारखान्यात तो अजून स्टोअरमध्येच आहे आणि लाइनवर परत घ्यावं म्हणून दुसरा दाखला जोडून त्यानं व्यवस्थापनाला वेगळा अर्ज दिला आहे.